घरच्या गॅरेजसाठी परवडणारं वेल्डिंग मशीन: कोणतं घ्यावं?

छंदिष्ट

नमस्कार मंडळी. निगडीला आमचं घर आहे आणि खाली एका गाडीपुरतं बंदिस्त पार्किंग आहे. तिथे सुतारकाम बरीच वर्षं करतोय, आता लोखंडाला हात घालायचाय. डोक्यात असलेली कामं अशी: वर्कबेंचची फ्रेम (दीड इंची स्क्वेअर पाईप), गच्चीवर कुंड्यांसाठी तीन पायऱ्यांचा स्टँड, सायकली टांगायला रॅक आणि घराच्या फाटकाची तुटलेली बिजागरी. पाईप सगळा १६ गेजचा, अँगल ३ मिमी, फाटकाची पट्टी तेवढी ५ मिमीची आहे.

बजेट सगळं मिळून पंधरा हजार. ऑनलाईन २०० ॲम्पियरची मशीनं साडेपाच हजारांनाही दिसतात आणि चौदा हजारांनाही. फरक नेमका कशात आहे? दुसरं म्हणजे, व्हिडिओंमध्ये सगळे सांगतात की बिनगॅसचं मिग (रिळातून आपोआप पुढे सरकणाऱ्या तारेचं, गॅस सिलिंडर न लागणारं वेल्डिंग) शिकायला सोपं, तेच घ्या. ते खरं का? आणि हे सगळं घरातल्या १६ ॲम्पियरच्या सॉकेटवर चालेल का, की वायरिंग बदलावं लागेल?

उद्यमनगरी

छंदिष्ट, जाडी आधी लिहिलीत हे फार बरं केलंत. लोक नुसतं "चांगलं मशीन सुचवा" म्हणतात, मग काही सांगता येत नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं फॅब्रिकेशन आहे. मशीनं रोज हाताखाली असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या यादीत १०० ॲम्पियरच्या वर जावं लागेल असं एकही काम नाही. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी. त्याला बारा नंबरचा रॉड (स्वतः वितळून जोड भरणारी, आवरण असलेली सळई, २.५ मिमी) ६० ते ७० ॲम्पियरवर पुरतो. ३ मिमीच्या अँगलला तोच रॉड ८० ते ९० वर. फाटकाच्या ५ मिमी पट्टीला कडा ग्राइंडरने तिरप्या करून घ्या आणि त्याच रॉडचे दोन-तीन रन (एकावर एक थर) मारा, जोड पक्का बसतो. दहा नंबरचा रॉड (३.१५ मिमी) लागेल असं काम तुमच्याकडे आज तरी नाही.

त्यामुळे खोक्यावरचा २०० चा आकडा बाजूला ठेवा. विचारायचं ते ड्यूटी सायकल. १० मिनिटांपैकी किती मिनिटं मशीन सलग आर्क (रॉड आणि लोखंड यांच्यातला धातू वितळवणारा विजेचा झोत) देऊ शकतं, त्याची ती टक्केवारी असते. २०० ॲम्पियरला ६० टक्के म्हणजे सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती. हा आकडा ४० अंश तापमानाला मोजलेला असला पाहिजे. स्वस्त मशीनवर तापमान लिहिलेलंच नसतं किंवा २०-२५ अंशांचं असतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही ७०-८० ॲम्पियरवर काम करणार, म्हणजे खरोखर १४०-१६० ॲम्पियर देणारं प्रामाणिक मशीन तुम्हाला आयुष्यभर पुरेल.

साडेपाच आणि चौदा हजारांतला फरक बहुतेक वेळा याच प्रामाणिकपणाचा असतो. वर "२५०" छापलेली आणि डीसी क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावला की दीडशेच्या आसपास दम सोडणारी मशीनं आम्ही पाहिली आहेत. मीटर नसेल तर या गोष्टी बघा:

पुढच्या बाजूला केबल फिरवून बसवायची दोन सॉकेटं असतात. त्यात घालायच्या पिनची जाडी बघा. ९ मिमीची पिन १० ते २५ चौरस मिमी केबलसाठी असते, १३ मिमीची ३५ ते ५० साठी. मशीनवर २५० छापलंय आणि पिन बारकी आहे, तर छापणाऱ्याचाच त्या आकड्यावर विश्वास नाही.

सोबत आलेल्या केबलचं टोक चाकूने खरवडा. वरून तांब्याचा रंग आणि आतून पांढरी निघाली तर ती तांबं चढवलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ती तापते. दुकानदाराला सांगून १६ चौरस मिमीची तांब्याची केबल, होल्डरला (रॉड धरायच्या चिमट्याला) तीन मीटर आणि अर्थिंगला (लोखंडाला क्लॅम्पने जोडायची परतीची केबल, घराचं अर्थिंग नव्हे) तीन मीटर, वेगळी घ्या. अर्थिंगचा क्लॅम्प पत्र्याचा मिळतो तो बदला, पितळी किंवा जाड स्प्रिंगचा घ्या. नवशिक्यांची निम्मी "मशीन नीट चालत नाही" ही तक्रार ढिल्या क्लॅम्पची असते.

आणि घेताना दुकानात चालवून बघा. सोबत १६ गेज पाईपचे दोन तुकडे न्या. ६५ वर ठेवून रॉड टेकवा. आर्क सहज पेटली पाहिजे आणि रॉड चिकटला तर मशीनने स्वतःच करंट कमी केला पाहिजे. मग तीन-चार रॉड लागोपाठ संपवा. पंख्याचा आवाज आणि करंट दोन्ही शेवटपर्यंत सारखे राहिले, तर पैसे द्या.

छंदिष्ट

काय सुंदर माहिती दिलीत! पिनचा मुद्दा तर कुठेच वाचला नव्हता. ब्रँड सुचवाल का?

उद्यमनगरी

ब्रँडपेक्षा सर्व्हिस सेंटर बघा. तुम्ही चिंचवडच्या शेजारी राहता. अडोर, म्हणजे पूर्वीचं अडवाणी-ऑर्लिकॉन, तुमच्या दारातच आहे. इसाबचं जाळंही मोठं आहे. या दोघांची छोटी मशीनं महाग पडतात, पण दुरुस्तीला आतला सर्किट बोर्ड मिळतो. चिनी बनावटीची बरीचशी मशीनं आतून एकसारखी असतात, वरचं नाव तेवढं आयात करणाऱ्याचं. तीही वाईट नसतात, मात्र आयात करणारा तुमच्या शहरात दुरुस्ती करून देतो का, हे आधी फोन करून विचारा. बिल पक्कं घ्या.

सह्याद्री_७७

याला माझंही अनुमोदन. आमच्या शेजाऱ्यांनी ऑनलाईन घेतलेलं मशीन वॉरंटीत बंद पडलं. कंपनीने सांगितलं की परराज्यातल्या केंद्रावर स्वखर्चाने पाठवा. कुरियर आणि दुरुस्ती मिळून निम्मी किंमत झाली असती. ते अजून माळ्यावर पडून आहे.

विद्युतसखा

सॉकेटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण यावर लोक अंदाजाने बोलतात आणि मग स्विचबोर्ड जळतो.

हिशोब असा. रॉड वेल्डिंगमध्ये ८० ॲम्पियरला आर्कचा दाब साधारण २३ व्होल्ट धरतात. म्हणजे सुमारे १,८५० वॅट आर्कमध्ये गेले. मशीनमधला ऱ्हास धरून भिंतीतून २,२५० च्या आसपास ओढले जातात. पण या छोट्या इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या हलक्या) मशीनांचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा वाटा) ०.७ च्या आसपास असतो, त्यामुळे वायरमधून जाणारा करंट २३० व्होल्टला १० नाही, १४ ॲम्पियर होतो. १६ च्या सॉकेटवर ८० ॲम्पियरपर्यंतचं काम थांबत थांबत चालेल ते यामुळे. हेच गणित १२० ॲम्पियरला केलंत तर २२ च्या वर जातं. तिथे तो सॉकेट वितळेल.

तुम्हाला हे नियमित करायचंय, तर मुख्य बोर्डापासून पार्किंगपर्यंत ४ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाईन, २५ ॲम्पियरचा सी कर्व्हचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि शेवटी निळा औद्योगिक प्लग-सॉकेट एवढं परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. सी कर्व्ह मुद्दाम सांगतोय. मशीन चालू करताना क्षणभर मोठा करंट ओढतं आणि घरात साधारण बसवलेला बी कर्व्हचा एमसीबी विनाकारण पडतो. मग लोक वैतागून त्याच्या जागी जास्त ॲम्पियरचा बसवतात आणि वायर मात्र जुनीच राहते. आग लागते ती इथे.

महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तोही बघून घ्या. गीझर, एसी आणि वेल्डिंग एकदम चालवू नका. एक्स्टेंशन लागलंच तर २.५ चौरस मिमीच्या खालचं नको, आणि वापरताना ते पूर्ण उलगडा. गुंडाळी तशीच ठेवली तर आतून तापते.

आणि घराचं अर्थिंग खरंच चालू आहे का, ते मोजून घ्या. होल्डरवर आर्क नसताना ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्याला ते काही करत नाहीत. पावसाळ्यात ओल्या फरशीवर घामेजल्या हाताने रॉड बदलताना मात्र तेवढे व्होल्ट पुष्कळ होतात. पायात रबरी तळाचे बूट आणि खाली लाकडी फळी ठेवा.

ह्यूस्टनवासी

मिगच्या व्हिडिओंबद्दल इथून एक गोष्ट सांगतो. तुम्ही बघता त्यातले बरेच व्हिडिओ अमेरिकेतले असतात. इथे घरातल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट आणि १५ किंवा २० ॲम्पियर एवढंच मिळतं. त्यावर रॉडचं मशीन नीट दम धरत नाही, ०.८ मिमीची बिनगॅसची तार मात्र बऱ्यापैकी चालते. शिवाय तारेचं रीळ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. म्हणून इथले लोक नवशिक्याला तेच सुचवतात. भारतात प्रत्येक सॉकेटला २३० व्होल्ट आहेत आणि रॉड गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्यांचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. मी इथे बिनगॅसची तार वापरतो, पण पुण्यात राहत असतो तर रॉडच घेतला असता.

नाशिकचा_टिंकर

मी थोडा वेगळा सूर लावतो. माझ्याकडे थ्री-इन-वन आहे (मिग, रॉड आणि लिफ्ट टिग, म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने करायचं वेल्डिंग) आणि मी समाधानी आहे. माझा छंद जुन्या गाड्यांचा. गाडीचा पत्रा ०.८ मिमीचा, तिथे रॉडने भोकंच पडतात. मिगने टिपके टिपके मारत जोड भरता येतो. अशी मशीनं साधारण पंधरा ते तीस हजारांत येतात.

फक्त एक बघून घ्या. बिनगॅसच्या तारेला टॉर्च (जिच्यातून तार बाहेर येते ती हातातली बंदूक) निगेटिव्हला लागते आणि गॅसवरच्या साध्या तारेला पॉझिटिव्हला. काही स्वस्त मशीनमध्ये ही अदलाबदल करायची सोयच नसते. तशा मशीनवर बिनगॅसची तार चालवली की नुसत्या ठिणग्या उडतात, जोड बसत नाही.

उद्यमनगरी

टिंकर यांचं म्हणणं रास्त आहे. गाडीचा पत्रा असेल तर मिगच, आणि तेही गॅसवर. पण छंदिष्ट यांची यादी स्क्वेअर पाईप, अँगल आणि पट्टीची आहे. त्यात कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, रेग्युलेटर आणि हीटर आला की बजेट संपलं. शिवाय पार्किंगचं शटर उघडं असलं आणि वारा सुटला की गॅस उडून जातो, जोडात बारीक भोकं राहतात. पंधरा हजारांत तीन कामं करणाऱ्या मशीनपेक्षा एकच काम नीट करणारं मशीन घ्या, उरलेल्या पैशांत हेल्मेट आणि ग्राइंडर येईल.

नेत्रवैद्य_सोलापूर

हेल्मेटचा विषय निघालाच आहे तर लिहिते. माझ्याकडे रात्री अकरा-बाराला येणाऱ्या रुग्णांत वेल्डिंगवाले असतातच. दुपारी "एकच टाका (वेल्डिंगचा ठिपका) मारायचा होता" म्हणून डोळे मिटून टाका मारलेला असतो. संध्याकाळपर्यंत काही जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा थर भाजलेला असतो. बटाट्याच्या चकत्या, दूध, गुलाबपाणी काहीही घालू नका, जंतुसंसर्गाला ते आमंत्रण आहे. बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून वारंवार घालणं तर फार धोक्याचं, त्याने जखम भरायची थांबते. थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. वेळेवर आलेला रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत बरा होतो.

तुमच्या करंटला १० नंबरची काच योग्य, फार कमी करंटला ९. आपोआप काळं होणारं हेल्मेट हजार-दोन हजारांत मिळतं. नवशिक्याला त्याचा मोठा फायदा असा की रॉड कुठे टेकवायचा ते आधी दिसतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. साध्या गॉगलवर वेल्डिंग अजिबात नको. आणि पार्किंगमध्ये लहान मुलं डोकावतात. त्यांच्यासाठी दाराला जाड ताडपत्री लावाच. ही विनंती समजा.

अनघा_आयटीआय

वेल्डर ट्रेड शिकवते, एक वर्षाचा कोर्स असतो आमच्याकडे. मशीन कोणतंही घ्या, पण पहिला रॉड पाईपवर लावू नका. भंगारवाल्याकडून ५-६ मिमी जाडीची पट्टी आणा आणि तिच्यावर नुसत्या सरळ रेषा ओढा. जाड पट्टी चुकीचा वेग माफ करते, पातळ पाईप लगेच भोक पाडतो.

रॉडचं टोक आणि लोखंड यातलं अंतर रॉडच्या जाडीएवढं ठेवायचं, म्हणजे तुमच्या बाबतीत अडीच मिलिमीटर. रॉड जळत आखूड होत जातो, त्यामुळे हात पुढे नेतानाच खालीही आणत राहावा लागतो. इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. रॉड जायच्या दिशेला साधारण १५ अंश झुकलेला ठेवा आणि नजर आर्कच्या उजेडावर नको, त्याच्या मागे जे वितळलेलं डबकं तयार होतं त्यावर ठेवा. त्या डबक्याची रुंदी सारखी राहिली की रेषा सारखी येते. डबक्यामागे स्लॅगची (रॉडच्या आवरणाच्या वितळलेल्या मळाची) गडद कड सरकताना दिसते. ती पुढे येऊन डबक्यावर चढायला लागली तर अंतर वाढलंय किंवा करंट कमी आहे. आवाजही ऐका. बरोबर लांबीची आर्क सलग, एकसुरी तडतडते. लांब झाली की फरफर करते आणि शिंतोडे उडतात.

हे जमलं की मग १६ गेज पाईप. तिथे सलग रन ओढायचा नाही. आधी चारही कोपऱ्यांना टाके, गुण्या लावून बघायचं, मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने छोट्या छोट्या तुकड्यांत भरायच्या. एकाच बाजूने भरत गेलात तर फ्रेम त्या बाजूला ओढली जाते आणि बेंचचे चार पाय जमिनीला टेकत नाहीत. पातळ कामाला होल्डर निगेटिव्हला जोडा, भोक पडायचं प्रमाण कमी होतं. तरीही पडत असेल तर चौदा नंबरचा, म्हणजे २ मिमीचा रॉड मिळतो, तो ४० ते ५५ वर चालवा.

रॉड ६०१३ जातीचा घ्या. ७०१८ जातीचा जास्त ताकदीचा म्हणून कोणी सुचवेल. तो वापरण्याआधी ३०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजावा लागतो, घरी ते नको.

वर्धेकर

वाचतोय, फार उपयोगी धागा. माझं शेत आहे, ट्रॉलीचं हुक आणि कल्टिव्हेटरचे फण जोडायचे असतात, ८-१० मिमी जाडी. शेतावर सिंगल फेजला कधी कधी १८० व्होल्टच येतात. हेच मशीन चालेल का?

विद्युतसखा

वर्धेकर, तुमचं काम वेगळं. बहुतेक छोटी मशीनं दाबात १५ टक्के खालीवर सहन करतात, म्हणजे १९५ पर्यंत. १८० ला करंट पडेल किंवा मशीन बंद होईल. तुमच्या जाडीला ८ नंबरचा रॉड (४ मिमी) आणि १४०-१८० ॲम्पियर लागतील. तीन फेज कनेक्शन असेल तर ४१५ व्होल्टवर, दोन फेजवर चालणारं तांब्याच्या वाइंडिंगचं जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन बघा. जड असतं, वीज जास्त खातं, पण व्होल्टेज खालीवर झालं तरी कुरकुरत नाही आणि गावात कोणीही दुरुस्त करतं. ॲल्युमिनियम वाइंडिंगचं स्वस्त मिळतं, ते टाळा.

रत्नागिरीकर

कोकणातून एक भर. पावसाळ्यात उघडं पाकीट चार दिवस ठेवलं की रॉड ओल धरतो, मग शिंतोडे उडतात आणि आवरण गळून पडतं. आमच्याकडे पत्र्याच्या पेटीत जुना पिवळा बल्ब लावून त्यात रॉड ठेवतात, तेवढी ऊब ६०१३ ला पुरते. मशीनही महिना-महिना बंद ठेवू नका, अधूनमधून पंधरा मिनिटं पंखा चालवा. आतला दमटपणा निघून जातो. आणि ग्राइंडर मशीनच्या शेजारी चालवू नका. लोखंडाचा भुसा पंख्यातून आत ओढला जातो आणि बोर्डावर बसतो. इन्व्हर्टर मशीन मरतं ते याच कारणाने.

छंदिष्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं: साधारण आठ हजारांच्या आतलं, चिंचवडला सर्व्हिस असलेलं रॉडचं इन्व्हर्टर मशीन. हेल्मेट, चामड्याचे लांब हातमोजे आणि ॲप्रन मिळून अडीच हजार. चार इंची ग्राइंडर अडीच हजार. उरलेल्यात केबल, क्लॅम्प, रॉड. वायरिंगचा खर्च घरखर्चातून वेगळा काढतोय, बायकोने स्वतःहून होकार दिला, डॉक्टरताईंचा प्रतिसाद वाचून.

शेवटची शंका. फाटकाचा खांब जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपचा आहे आणि बिजागरी त्यालाच जोडायची आहे. काही वेगळी काळजी?

उद्यमनगरी

हो, घ्यावीच लागेल. जीआयवरचं जस्त जळून पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच जस्त ग्राइंडरने काढून खालचं लोखंड दिसू द्या. काम उघड्यावर करा, वारा धूर तोंडावर न आणता एका बाजूला नेईल असे उभे राहा आणि साध्या कापडी मास्कवर विसंबू नका.

फाटक खाली विटांवर टेकवून त्याचं वजन बिजागरीवरून काढा, मगच टाके मारा. अर्थिंगचा क्लॅम्प खांबालाच, जोडाच्या जवळ लावा. फाटकाच्या दुसऱ्या टोकाला लावला तर करंट बिजागरीच्या खिट्टीतून जातो आणि ती आतून चिकटते. दोन टाके झाले की फाटक एकदा पूर्ण उघडून-मिटून बघा, आणि नीट फिरलं तरच बाकीचा जोड भरा. थंड झाल्यावर स्लॅग ठोकून काढा, वायर ब्रश मारा आणि उघड्या लोखंडावर त्याच दिवशी झिंक प्रायमर लावा.